शेंद्रा : बावन्न पुऱ्यांनंतरचा पुरा

माझा भाचा शेंद्र्याला कामाला जातो. आयटीआय करून फिटर झाला आणि ठेकेदारामार्फत तिथल्या एका कारखान्यात लागला. पहिल्या पाळीला फजरची नमाज पढून तो घराबाहेर पडतो, जालना रोडवर कंपनीच्या बसची वाट बघतो आणि संध्याकाळी त्याच बसने परत येतो. गेल्या वर्षी त्याचं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी सुचवलं की तिकडेच कुठे खोली बघावी. जाण्यायेण्याचा वेळ वाचेल, जुन्या घरातली गर्दीही कमी होईल. तीन रविवार तो तिकडे फिरला. फोनवर भाडं ठरायचं, अनामत ठरायची. समोर जाऊन नाव सांगितलं की खोली नुकतीच कुणालातरी दिलेली असायची. चौथ्या रविवारी तो गेलाच नाही. मला म्हणाला, “मामू, नाम बोले की रूम भर जाती उनकी.”

त्यावर मला लगेच काही बोलता आलं नाही. पण तेव्हापासून शेंद्रा डोक्यातून जात नाही. आपल्या शहराच्या इतिहासावर मी बरीच वर्षं वाचतो आहे, लिहितो आहे. मलिक अंबर, नहर, दरवाजे, मकबरा यांवर लिहून झालं. ज्या दिशेने हे शहर आज सगळ्यात वेगाने वाढतं आहे, त्या दिशेकडे मात्र मी इतिहास म्हणून कधी पाहिलंच नव्हतं.

जालना रोडवरचं गाव

शहरातून जालना रोडने निघालं की मुकुंदवाडी, चिकलठाणा, विमानतळ, केंब्रिज चौक आणि पुढे शेंद्रा. जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर. कुंभेफळ, लाडगाव, करमाड ही आसपासची गावं. कागदोपत्री गावाचं नाव शेंद्रा कमंगर. फारसीत कमानगर म्हणजे धनुष्य बनवणारा. दख्खनेतल्या फौजांचा जमाना गावाच्या नावात असा राहून गेला आहे. याच गावात मांगीरबाबांचं ठाणं आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते आणि मातंग समाजातले भाविक दूरदूरून येतात. म्हणजे कारखाने यायच्या आधी शेंद्रा ओसाड माळ होता, असं कुणी समजू नये. गाव होतं, देव होता, शेती होती.

हा रस्ताही इतिहासाला अनोळखी नाही. १६१६ साली मलिक अंबर आणि मोगलांची मोठी लढाई झाली ती रोशनगावला, आजच्या बदनापूर तालुक्यात. त्या लढाईत अंबर हरला आणि विजयी मोगल फौजेने त्याची राजधानी खडकी लुटली, जाळली. खडकी म्हणजे आपलंच शहर. पुढे १९०० साली निजामाच्या राज्यातली मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे याच पट्ट्यातून गेली. करमाडचं स्टेशन त्याच मार्गावरचं.

शेंद्र्याचं आजचं रूप गेल्या पंचवीस वर्षांतलं आहे. एमआयडीसीने इथे औद्योगिक वसाहत उभी केली आणि २००१ मध्ये स्कोडाच्या मोटारी इथल्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. त्यानंतर दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर आला. त्यात शेंद्रा आणि पैठण रोडवरचं बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांचं नवं औद्योगिक शहर आखलं गेलं. शेंद्र्याला साधारण दोन हजार एकर, बाकी बिडकीनला. त्याचं नाव ऑरिक. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते शेंद्र्यात ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. कोरियाची ह्योसंग कंपनी आली, पुढे बिडकीनसाठी एथर आणि टोयोटा यांच्या प्रकल्पांच्या घोषणा झाल्या. रस्ते रुंद, वीज आणि पाण्याच्या वाहिन्या जमिनीखालून, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय. आमच्या गल्लीतल्या पोराने तिथे पहिल्यांदा रस्ता पाहिला की त्याला तो परदेश वाटतो.

शहर वाढतं ते पुऱ्यांनी

आपलं शहर मुळात उपनगरांचंच शहर आहे. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे ही म्हण लहानपणापासून आपण ऐकतो. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावाजवळ राजधानी वसवायला घेतली, तेव्हा त्याने आपल्या सरदारांना जागा दिल्या आणि त्यांच्या नावाने पुरे बसले. मालोजींचा मालपुरा, खेळोजींचा खेलपुरा, परसोजींचा परसपुरा, विठोजींचा विठापुरा. हे सगळे मराठा सरदार. आणि त्यांना जागा देणारा कोण? आफ्रिकेतल्या हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला, अनेक मालक बदलत दख्खनेत पोचलेला माणूस. इथे त्याची वंशपरंपरागत गुंठाभर जमीन नव्हती. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर नाव विचारून खोली द्यायची पद्धत तेव्हा असती, तर हे शहरच वसलं नसतं.

मोगल आले तेव्हाही हेच घडलं. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहराला त्याचं नाव मिळालं. त्याच्या फौजेबरोबर राजपूत राजे आले. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, जोधपूरच्या जसवंतसिंगांचा जसवंतपुरा, बिकानेरच्या कर्णसिंगांचा कर्णपुरा, त्यांचे पुत्र पदमसिंग यांचा पदमपुरा, बुंदीच्या भावसिंग हाडांचा भावसिंगपुरा, ओर्च्छाच्या पहाडसिंग बुंदेल्यांचा पहाडसिंगपुरा. मकबऱ्याच्या वाटेवर बेगमपुरा. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला आजही सारं शहर लोटतं. औरंगजेबाच्या शहरात ही देवी कुठून आली, असा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. तिथल्या माणसाला तो प्रश्न पडत नाही. पुरा ज्याचा, देव त्याचा.

या काळाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. पुऱ्यांना नावं मिळाली ती सरदारांची. हिमरू विणणाऱ्या कारागिराचं, पाणी भरणाऱ्या भिश्त्याचं, दगड फोडणाऱ्या वडाराचं नाव कुठल्याच पुऱ्याला नाही. कारभारात त्यांना विचारत कुणी नव्हतं. तरीही एक गोष्ट होती. पुरा म्हणजे नुसती कामाची जागा नव्हती. सरदाराबरोबर त्याचे शिपाई, मोतद्दार, शिंपी, खानसामे सगळे आले आणि त्याच पुऱ्यात राहिले. विहीर, हौद, मशीद, मंदिर, बाजार हे सारं आजूबाजूला उभं राहिलं. म्हणूनच १७६३ च्या सुमारास निजामाने राजधानी हैदराबादला नेली, दरबार गेला, सरदार गेले, तरी शहर मेलं नाही. राहणारी माणसं राहिली.

स्वातंत्र्यानंतरही शहर असंच बाहेर बाहेर वाढलं. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. वसतिगृहांसह उभी राहिलेली ती नवी वसाहत मराठवाड्यातल्या गावागावांतून आलेल्या दलित मुलांचं हक्काचं ठिकाण झाली. माझ्या लेखी तो त्रेपन्नावा पुरा. मग स्टेशनजवळची आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सिडकोची घरं, १९८५ मध्ये बजाजच्या कारखान्याबरोबर वाळूज. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ७३ हजार होती, २०११ मध्ये ती ११ लाख ७५ हजार झाली. वीस वर्षांत दुप्पट. या वाढीत सिडकोने एक गोष्ट बरी केली. उत्पन्न गटाप्रमाणे लहान-मोठी घरं बांधली आणि सोडतीने वाटली. सोडतीला आडनाव नसतं. आमच्या कितीतरी नातेवाइकांना सिडकोत घर मिळालं ते त्यामुळेच.

आधी पाणी

खडकी जळाली त्यानंतरची गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. हरलेल्या, लुटलेल्या अंबरने शहर पुन्हा उभं करताना पाण्याचं काम हाती धरलं. १६१७-१८ च्या सुमारास नहर-ए-अंबरी वाहू लागली. उत्तरेच्या, हर्सूलच्या बाजूच्या उतारावर झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं, नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणायचं आणि मातीच्या नळांतून हौदांपर्यंत पोचवायचं. जागोजागी उंच बंब बांधले, दाब सांभाळायला. पंप नाही, इंजिन नाही. पुढे कित्येक नहरी निघाल्या. त्यातलीच एक पाणचक्कीची. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात अठराव्या शतकात पाण्याच्या जोरावर जातं फिरू लागलं. तिथे दळलेलं पीठ फकीर, तालिब-ए-इल्म आणि वाटसरूंच्या जेवणासाठी असायचं. आज आपण पाणचक्की पाहुण्यांना दाखवतो ती यंत्र म्हणून. ते यंत्र कुणासाठी फिरत होतं, हे सांगायचं राहून जातं.

ऑरिकनेही आधी पाणी आणलं, हे मान्य करायला हवं. जायकवाडीचं पाणी कारखान्यांपर्यंत बिनबोभाट पोचतं. त्याच जायकवाडीवर जगणाऱ्या जुन्या शहरात मात्र कित्येक वर्षं नळ रोज येत नाही. पाण्याचा दिवस कोणता हे घरातल्या बायकांना रमजानच्या चांदइतकं पक्कं पाठ असतं. अंबरच्या शहरावर ही वेळ यावी, यात शेंद्र्याचा दोष नाही. पण एकाच धरणाचं पाणी दोन ठिकाणी दोन वेगळ्या शिस्तीने का पोचतं, हा प्रश्न विचारायचा कुणाला?

कारभारी कोण?

इथे खरी गोम आहे. जुन्या शहराचा कारभार पाहायला १९८२ पासून महापालिका आहे. गावाला ग्रामपंचायत असते. ऑरिकचा कारभार मात्र एका कंपनीकडे आहे. त्यात ५१ टक्के वाटा एमआयडीसीचा आणि ४९ टक्के केंद्राच्या औद्योगिक कॉरिडॉर ट्रस्टचा. सुरुवातीला तिचं नाव औरंगाबाद इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड होतं, आता महाराष्ट्र इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड. कंपनीला संचालक असतात, नगरसेवक नसतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना निवडून आलेली नगरपालिका दिली, पण त्याच २४३-क्यू कलमात एक पळवाटही ठेवली. उद्योग जिथे नागरी सेवा पुरवतात, त्या भागाला राज्यपाल औद्योगिक नगर ठरवू शकतात आणि तिथे नगरपालिका नसली तरी चालते. झारखंडचं जमशेदपूर शंभर वर्षांहून जुनं, लाखोंच्या वस्तीचं शहर. तिथेही टाटांच्या कंपनीच्या सेवांवर शहर चाललं आणि महापालिकेचा वाद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिला.

वेगळा रस्ताही जगात आहे. कॅनडात टोरोंटो शहर फुगत गेलं, तेव्हा ऑन्टारियो प्रांताने भोवतालच्या गावांच्या प्रादेशिक नगरपालिका केल्या. १९७१ मध्ये यॉर्क, १९७४ मध्ये पील. पाणीपुरवठा आणि पोलीस यांसारखी मोठी कामं प्रदेशाकडे, स्थानिक कामं गावाकडे, आणि दोन्हीकडे लोकप्रतिनिधी. पीलमधल्या ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा या शहरांत आपल्या उपखंडातून गेलेली लाखो माणसं राहतात. कारखान्यात, ट्रकवर, गोदामात काम करायला गेलेल्यांची मुलं तिथे कौन्सिलर झाली. तिथेही भाडेकरूला नाव विचारणारे घरमालक असतीलच. पण जाब विचारायला एक सभागृह आहे आणि तिथे बसायला निवडून जाता येतं.

आपल्याकडे जुन्या शहराचीच काय कथा! एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनीच कारभार केला. म्हणजे माझा भाचा राहतो तिथे त्याचा नगरसेवक नव्हता आणि तो काम करतो तिथे नगरसेवकाची जागाच नाही.

आता आपल्या लोकांशी थोडं कडू बोलतो. २०२३ मध्ये शहराच्या नामांतरावर हरकती मागवल्या, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत टेबलं लागली. मीही अर्ज भरला, इतरांचे भरून दिले, आणि त्याचा मला पस्तावा नाही. पण त्याआधी आणि त्यानंतर शेंद्रा-बिडकीनच्या आराखड्यावर आपल्यापैकी किती जणांनी एक ओळ लिहिली? आराखड्यात जवळपास ६० टक्के जागा उद्योगांना आणि उरलेली घरं, दुकानं, शाळा, दवाखाने, मोकळ्या जागा यांना आहे. ती घरं कुणाला परवडतील, कामगारांसाठी किती असतील, वाटप सोडतीने होईल का, हे विचारायला आपण गेलो नाही. शहराच्या नावासाठी आपण रांगा लावल्या. ऑरिकच्या नावात मात्र औरंगाबादची पहिली दोन अक्षरं तशीच बसून आहेत आणि त्यात आपल्याला खोली मिळत नाही.

जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी संघर्ष केला, मोबदला वाढवून घेतला. त्यांचा सात-बारा होता, म्हणून त्यांना बोलता आलं. कारखान्यात रोज येणाऱ्या ठेक्यावरच्या कामगाराचा तिथे कुठलाच कागद नाही. तो शेंद्र्याच्या मतदार यादीत नाही, ग्रामसभेत नाही, कंपनीच्या संचालकांना तो ठाऊकही नाही.

करमाडजवळचा रूळ

८ मे २०२०. शुक्रवार होता, रमजान चालू होता. टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या. आम्ही घरातच फजर पढलो आणि थोड्या वेळाने बातमी आली. बदनापूर ते करमाड दरम्यान मालगाडीखाली १६ मजूर चिरडले गेले. मध्य प्रदेशातली तरुण पोरं. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करत होती. काम थांबलं, गावी जायला गाडी नाही, म्हणून भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांवरून पायी निघाली. थकून तिथेच झोपली. रेल्वे बंद आहे असं त्यांना वाटलं. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या चपला आणि भाकरींचे फोटो सगळ्या देशाने पाहिले.

त्या दिवशी मला इतिहासातलं काही आठवलं नव्हतं. आज हा पट्टा नीट पाहताना आठवतं. रोशनगावहून खडकीकडे येणारी हीच दिशा. तीनशे वर्षांपूर्वी या वाटेच्या टोकाला एक जातं होतं, ते वाटसरूंसाठी पीठ दळत होतं. २०२० मध्ये जालन्यापासून शेंद्र्यापर्यंत कारखान्यांची रांग होती आणि त्या पोरांना रात्र काढायला एक ओटा मिळाला नाही. ती इथे कामाला होती, पण इथली नव्हती. त्यांना कुणी इथलं होऊ दिलं नव्हतं. भाच्याला रूम न मिळणं आणि त्या पोरांचं रुळांवर झोपणं या एका वजनाच्या गोष्टी नाहीत, हे मला कळतं. पण दोन्हींचं मूळ एकच. कामाला हात हवेत, पण त्या हातांच्या माणसाला जागा द्यायची तयारी नाही.

शेंद्रा वाढणार आहे. समृद्धी महामार्ग जवळून गेला, बिडकीनला आणखी कारखाने येतील, दोन्हींच्या मधली गावं भरून जातील. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या पोरांना तिथेच रोजगार मिळणार आहे. माझं म्हणणं इतकंच, की त्याचा पुरा व्हावा. कामगारांना परवडतील अशी घरं सोडतीने वाटली जावीत. बाहेरगावच्या मजुरासाठी वसतिगृह असावं, ज्याला आपले पूर्वज सराई म्हणत. आणि वस्ती वाढली की तिचा कारभार मतपेटीतून निवडलेल्या माणसांकडे यावा. यापुढे आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा मोहल्ल्यात पुन्हा टेबलं लावू. यावेळी शेंद्रा, कुंभेफळ आणि लाडगावच्या लोकांनाही सोबत घेऊ, कारण पाणी, घर आणि मत यांची त्यांचीही तक्रार फार वेगळी नाही.

भाच्याचं लग्न झालं. नवरा-बायको जुन्याच घरात माळ्यावर राहतात. परवा त्याला मी मालोजी आणि मलिक अंबरची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “मामू, अंबर के टैम पे ठेकेदार नई था क्या?” होता, मी म्हणालो, पण तो पुऱ्यातच राहायचा. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली पाळी होती, म्हणून तो लवकर झोपायला गेला.